आधी निरीक्षण, मग उपाय

साल १९०६-०७ च्या आसपासचे. मुंबईतला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा हातात एअरगन घेऊन तबेल्यातल्या गाडीमागे दबा धरून बसला होता. समोरच्या भिंतीतल्या भोकात चिमण्यांचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर पहारा देत होता. मुलाने नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला आणि तो पहिल्याच्या जागी येऊन बसला. मुलाने त्यालाही टिपले. मग तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर गेले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत राहिला. मुलाने हे सारे वहीत टिपून ठेवले.

आज ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या नोंदीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती. एखाद्या परिसरात पक्ष्यांची संख्या भरपूर असते तेव्हा बिनजोडीचे काही नर शिल्लक असतात आणि रिकामी झालेली जागा लगेच भरून निघते. जीवशास्त्राच्या दृष्टीने हा त्या जातीचा राखीव साठा. हा साठा संपला की जात धोक्यात येते. मुलाला तेव्हा हे ठाऊक नव्हते. तो फक्त दिसले ते लिहीत होता. पुढे हाच मुलगा डॉ. सलीम अली या नावाने जगाला माहीत झाला आणि पक्ष्यांना वाचवायचे तर आधी ते काय करतात हे नीट पाहायला हवे, ही सवय त्याने या देशाला लावली.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. भाच्याच्या हाती एअरगन आली ती त्यांच्याचमुळे.

एके दिवशी मुलाने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीपेक्षा ही वेगळी होती. ती खाणे धर्माला धरून आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडला, म्हणून त्याने ती मामांना दाखवली. मामांनाही ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे आज बीएनएचएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली आणि नमुने जतन कसे करायचे हे शिकण्याची सोय करून दिली. एका अनोळखी पोराला एका मोठ्या माणसाने दिलेला तेवढा वेळ पुढच्या ऐंशी वर्षांना पुरला.

शाळेत मात्र सलीम फारसे चमकले नाहीत. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना डोकेदुखीने ग्रासले. शाळा वारंवार बुडू लागली. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्यांना काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात प्रवेश घेतला, पण पहिल्याच वर्षी अभ्यास झेपेना. मग घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात मदत करायला ते ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. तिथल्या जंगलात त्यांचे लक्ष धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच अधिक. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले. व्यापारी कायदा आणि हिशेबनीस यांचा अभ्यास करत असतानाच सेंट झेवियर्समधील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकायला लावले. १९१८ च्या डिसेंबरात त्यांचे तहमीना बेगम यांच्याशी लग्न झाले.

विद्यापीठाची पदवी नसल्याने झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधील पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे गाइड लेक्चरर म्हणून त्यांना महिना ३५० रुपयांची नोकरी लागली. दोन वर्षांतच त्या कामाचा कंटाळा आला आणि अभ्यासरजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात त्यांना एर्विन स्ट्रेसेमान गुरू म्हणून लाभले.

त्या काळी पक्षीशास्त्र म्हणजे बहुतांशी कातड्यांचे शास्त्र होते. पक्षी मारायचा, भुसा भरायचा, चोच आणि पंख मोजायचे, नाव द्यायचे आणि खणात ठेवायचा. स्ट्रेसेमान यांचा भर जिवंत पक्ष्यावर होता. तो कुठे राहतो, काय खातो, जोडीदार कसा निवडतो, पिल्ले किती जगतात, ऋतू बदलल्यावर कुठे जातो, हे प्रश्न त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्यांचे स्थलांतर शोधण्याचे काम चाले. तेही सलीम अलींनी जवळून पाहिले.

१९३० मध्ये ते परत आले तेव्हा त्यांची जागाच रद्द झालेली होती. संग्रहालयाकडे पगाराला पैसे नव्हते. खर्च कमी करायचा म्हणून नवरा-बायको मुंबई सोडून अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. संसाराच्या दृष्टीने हा वाईट काळ होता. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्याचे सोने झाले, कारण घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि पावसाळाभर पाहत बसायला सलीम अलींकडे वेळच वेळ होता.

सुगरणीच्या लोंबत्या खोप्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ समजुती होत्या. ती घरट्याला मातीचे गोळे लावते आणि उजेडासाठी त्यांत काजवे खोचते, ही त्यांतलीच एक. अर्धवट सोडलेली घरटी नराने आपल्याला बसायला बांधलेली असतात, असेही मानले जाई. आपल्या भाषेने तर या पक्ष्याला बाईचे नाव देऊन टाकले. सलीम अलींनी दिवसेंदिवस पाहून जे नोंदवले ते असे : विणकाम सारे नराचे. तो घरटे निम्म्यावर, उलट्या टोपीच्या आकारापर्यंत आणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. त्या घरट्यात शिरतात, धागे ओढून पाहतात आणि पसंत पडले तर एखादी तिथेच राहते. त्यानंतरच नर खालची लांब नळी विणून घरटे पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अर्धवट राहिलेली घरटी म्हणजे पसंतीला न उतरलेली घरटी. एकामागून एक अनेक माद्यांशी जोडी जमवण्याची ही पद्धत त्यांनी नीट पुराव्यानिशी मांडली. पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात हा निबंध आजही मानाचा समजला जातो.

याचा पक्षी वाचवण्याशी काय संबंध, असे वाटेल. संबंध थेट आहे. झाडावर पन्नास खोपे मोजले म्हणजे पन्नास जोड्या आहेत असे धरणारा माणूस चुकेल. प्रत्यक्षात त्यांतले कितीतरी रिकामे असतील. वर्तन ठाऊक नसेल तर मोजणी चुकते आणि मोजणी चुकली की ती जात सुखरूप आहे की धोक्यात, हेच कळत नाही. रुग्णाला न तपासता केवळ कागदावरून औषध देण्यासारखा हा प्रकार.

नोकरी नव्हती, पण आता कामाची दिशा ठरली होती. सलीम अलींनी संस्थानिकांकडे आपली योजना मांडली. खर्च आणि मुक्कामाची सोय करा, मी तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी फुकट करून देतो, असा हा व्यवहार. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर-कोचीन आणि इतर प्रदेश झाले. बैलगाडी, तंबू, दुर्बीण आणि वही घेऊन महिनोन्‌महिने भटकंती चाले. तहमीना सोबत असत आणि तळाची सगळी व्यवस्था पाहत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला तेव्हा अजून काही वर्षे होती आणि साध्या शस्त्रक्रियेनेही माणसे दगावत. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि उरलेले आयुष्य पक्ष्यांना दिले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील चित्रमय पुस्तक आले. सामान्य वाचकाला खिडकीतून दिसणारा पक्षी ओळखता यावा, हा त्याचा हेतू. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत आणि शेजारी देशांतील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक पक्ष्याच्या रंगरूपाबरोबरच त्याचे खाणे, सवयी, आवाज, विणीचा हंगाम आणि घरटे यांची माहिती आहे. आज एखाद्या पक्ष्याची संख्या घटली असे आपण म्हणतो, तेव्हा पूर्वी तो कुठे आणि किती दिसे, हे ताडून पाहायला हाच आधार असतो.

या साऱ्या कामात एक पान वैद्यकशास्त्राचेही आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसांनाही तीव्र ताप आणि रक्तस्राव होऊ लागला. पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. आज आपण या रोगाला माकडताप म्हणतो. अलीकडच्या काळात सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. हा विषाणू गोचिडांतून पसरतो आणि त्याचे रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचे नाते आहे. तेव्हा शंका आली, की सायबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तो आला असेल का?

पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचे मार्ग शोधायचे, ही सलीम अलींची जुनी इच्छा होती. पैसा मात्र नव्हता. आता जागतिक आरोग्य संघटनेला नेमकी हीच माहिती हवी होती. तिच्या मदतीने बीएनएचएसचा मोठा प्रकल्प उभा राहिला. भरतपूर, कच्छ आणि इतर ठिकाणी जाळी लावून पक्षी धरायचे, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करायच्या, पायात कडी घालायची आणि सोडून द्यायचे. माकडताप पक्ष्यांनी आणला, हे सिद्ध झाले नाही. पण आपल्याकडे हिवाळा काढणारी बदके आणि इतर पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत नेमके कुठे जातात, हे त्या कड्यांमुळे कळू लागले. राजस्थानातल्या तळ्यावरचे बदक वाचवायचे असेल तर त्याच्या वाटेवरची हजारो किलोमीटरची पाणथळे आणि तिथले शिकारीही ध्यानात घ्यावे लागतात, हा धडा त्यातून मिळाला. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच याचे दुःखद उदाहरण ठरले. इथे त्यांना संरक्षण होते, वाटेत नव्हते. २००२ नंतर ते भरतपूरला दिसलेले नाहीत.

भरतपूरचे केवलादेव हे सलीम अलींच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश आणि सर्वांत अवघड धडाही. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे पाणथळ संस्थानिकांनी बांध घालून शिकारीसाठी राखले होते. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. स्वातंत्र्यानंतर पाणथळ आटवून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी पुढे आली. शेतकऱ्यांना जमीन हवी होती आणि पूर्वीच्या राजाच्या शिकारखान्याबद्दल कोणाला ममत्व असण्याचे कारण नव्हते. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत हा विषय नेला. १९५६ मध्ये केवलादेव पक्षी अभयारण्य झाले आणि पाणी टिकले.

त्यानंतर प्रश्न आला म्हशींचा. आसपासच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या या पाणथळात चरत. गुरांमुळे गवत तुडवले जाते, पक्ष्यांना त्रास होतो, तेव्हा राष्ट्रीय उद्यानात चराई नको, असे सलीम अलींचे आणि त्या काळातील बहुतेक निसर्गतज्ज्ञांचे मत होते. ते जगभर रूढ असलेलेच मत होते. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकऱ्यांना ना पुरेशी पूर्वसूचना मिळाली, ना पर्याय. त्यांनी विरोध केला, संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मृत्युमुखी पडले. पक्षी वाचवण्याच्या नावाखाली माणसे मेली.

आता यातला दुसरा भाग. चराईबंदीच्या आधीच, १९८० मध्ये, बीएनएचएसने केवलादेवचा दहा वर्षांचा सखोल अभ्यास सुरू केला होता. सलीम अलींचे विद्यार्थी व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते. पाण्याची खोली, गवत, मासे, कीटक, घरटी, येणारे-जाणारे पक्षी, सगळ्यांची नोंद वर्षानुवर्षे होत होती. त्यामुळे बंदीच्या आधी काय होते आणि नंतर काय झाले, याची थेट तुलना करता आली. निष्कर्ष कोणालाच अपेक्षित नव्हता. म्हशी गेल्यावर पाण्यात पसरणारे एक चिवट गवत बेफाम वाढले. म्हशी ते खात होत्या म्हणून उथळ पाणी मोकळे राहत होते. आता तेच पाणी गवताने झाकले गेले, बदकांना पोहायला आणि खाद्य शोधायला जागा उरेना, माशांवरही परिणाम झाला. या पाणथळाच्या घडणीत म्हशीचा वाटा होता आणि तो कोणी मोजलाच नव्हता. अभ्यासाने सांगितले, की बंदीने पक्ष्यांचे नुकसानच झाले. पुढे गावकऱ्यांना उद्यानातले गवत कापून नेऊ देण्याची वाट काढली गेली.

हा अंतिम अहवाल आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. पण ज्या संस्थेला त्यांनी आयुष्य दिले, तिच्यातल्याच लोकांनी, त्यांच्याच शिष्याच्या नेतृत्वाखाली, त्यांचे मत चुकीचे ठरवणारी आकडेवारी जशीच्या तशी छापली. गुरूबद्दलचा आदर आणि वहीतली नोंद यांत त्यांनी नोंदीला वरचे स्थान दिले. तबेल्यातल्या मुलानेही वहीत हेच केले होते.

सलीम अलींचा जीव ज्या आणखी एका पक्ष्यात गुंतला तो म्हणजे माळढोक. गवताळ माळरानावर राहणारा हा उंच, जड पक्षी भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. आपल्याकडे १९७९ मध्ये सोलापूरच्या नान्नजसह मोठा भूभाग माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते आणि त्यात शेकडो गावे आणि लोकांची शेती आली. १९८० च्या दशकात बीएनएचएसच्या असद रहमानी आणि सहकाऱ्यांनी नान्नज आणि मध्य प्रदेशातील करेरा येथे माळढोकाचा अभ्यास केला. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कुत्रा, कोल्हा किंवा गुरांचे पाऊल, कशानेही ते जाऊ शकते. हा पक्षी घनदाट झाडीत राहत नाही. त्याला मोकळे गवत आणि मधूनमधून कोरडवाहू ज्वारी-हरभऱ्याची शेते मानवतात, तिथले टोळ आणि किडे हे त्याचे खाद्य. म्हणजे माळरान ही पडीक जमीन आहे असे समजून तिथे झाडे लावली तर वनीकरण होते, पण माळढोकाचे घर जाते.

करेराला वेगळीच गोष्ट घडली. संरक्षणामुळे काळवीट वाढले, त्यांनी पिके खाल्ली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि शेतकरी वैतागले. ज्या लोकांच्या शेताच्या बांधावर माळढोक निर्धास्त वावरे, त्यांचाच रोष त्याच्या वाट्याला आला. १९९० च्या दशकात तिथला माळढोक संपला. भरतपूरप्रमाणे इथेही परिसरातल्या माणसांना वगळून केलेला उपाय फसला. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने उडताना समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. आता राजस्थानात अंडी उबवून, पिल्ले वाढवून संख्या सावरण्याचा प्रयत्न चालू आहे. लहानपणी पाहिलेल्या चिमणीला नववा नरही मिळाला असता. माळढोकाच्या मादीला पहिलाच मिळेल याची खात्री नाही. राखीव साठा संपणे म्हणजे काय, ते असे.

केवलादेवच्या त्याच दीर्घ अभ्यासाने आणखी एक मोठे काम केले. तिथे १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांची आणि गिधाडांच्या घरट्यांची मोजणी झाली होती. विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास पुन्हा मोजणी केली तेव्हा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी निम्म्याहून कमी झालेली आढळली. झाडांवर माना टाकून बसलेली आजारी गिधाडे दिसत होती. जुनी मोजणी हाताशी नसती तर हा ऱ्हास आणखी काही वर्षे कोणाच्या ध्यानातही आला नसता. १९९२ ते २००७ या काळात देशातील ही गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारातले जेमतेम एक उरले.

कारण २००४ मध्ये जाहीर झाले. पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांच्या तपासणीत मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर जमलेले आढळले. दोषी होते डायक्लोफेनॅक, म्हणजे आपण सांधेदुखीवर घेतो तेच वेदनाशामक. दुखणाऱ्या गुरांना ते टोचले जाई, गुरू मेले की गिधाडे ते मांस खात. इथेही वर्तनाचे ज्ञान उपयोगी पडले. एका जनावरावर गिधाडांची मोठी पंगत बसते, म्हणून औषध असलेली मोजकी जनावरेसुद्धा साऱ्या जातीचा घात करायला पुरतात. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि वयात यायला त्याला साधारण पाच वर्षे लागतात, त्यामुळे भर निघत नाही. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांचीही जनावरांसाठी बंदी झाली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. हरयाणातील पिंजोर येथे बीएनएचएसच्या सहभागाने गिधाडांची वीण केली जाते. ऱ्हासाचा वेग मंदावला आहे. संख्या भरून यायला मात्र अनेक वर्षे जातील. दरम्यान, पडलेल्या गुरांचे मांस खाऊन गावोगावची भटकी कुत्री वाढली आणि कुत्रा चावल्याने होणाऱ्या रेबीजची भीतीही. गिधाडाचे मूत्रपिंड आणि आपले आरोग्य इतके जवळ आहे.

सलीम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पन्नास हजार डॉलरचा जे. पॉल गेटी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या रकमेतून त्यांनी बीएनएचएसमध्ये निसर्गसंवर्धन निधी उभा केला. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली आणि ते जंगल राहिले. पदवी नाही म्हणून ज्यांना एकेकाळी नोकरी नाकारली गेली, त्यांना तीन विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाशी दीर्घकाळ झुंजून जून १९८७ मध्ये मुंबईत वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर कानांनी कमी ऐकू येऊ लागले होते, पण वही सुटली नव्हती. १९९० मध्ये कोइमतूरला त्यांच्या नावाने पक्षीशास्त्राची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावरच्या खारफुटीत त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे.

ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत त्यांनी पशुवैद्याला गिधाडांना सुरक्षित असे वेदनाशामक द्यायला सांगावे आणि माणसांचे इंजेक्शन परस्पर जनावराला टोचू नये. शहरात राहणाऱ्यांनी घराभोवती दिसणाऱ्या पक्ष्यांची तारखेनिशी नोंद ठेवावी. आज अशी नोंद क्षुल्लक वाटते, पण केवलादेवच्या गिधाडांची पहिली मोजणीही त्या वेळी साधीच होती. पाऊस सुरू झाला की किहीमच्या आसपास सुगरणीचे नर अजूनही ओल्या हिरव्या पात्यांचे धागे चोचीत धरून खोपे विणायला घेतात. त्यांतले कोणते पुरे होतात आणि कोणते अर्धवट राहतात, हे कळायला दुर्बीणही लागत नाही. थोडा वेळ आणि एक वही पुरते.